अब्लाची मुलगी

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

डॉक्टर म्हणाले, बोलणं कमी करा, रक्तदाब आपोआप उतरेल. मी म्हटलं, डॉक्टर, मी मुलींच्या सरकारी शाळेत गणित शिकवते, एकेका वर्गात पन्नास-पन्नास पोरी, बोलायचं कमी करून काय हातवारे करू? तर म्हणाले, मग शाळेबाहेरचं जे असेल ते तरी कागदावर काढा. मिदहतने लगेच ही डायरी आणून दिली. बंदरावर तो जहाजांची इंजिनं दुरुस्त करतो, तिथल्या कुठल्याशा कंपनीची भेट आहे. पानोपानी नांगर छापलेत. देताना म्हणाला, "चला, माझ्या कानांना सुट्टी." नवरा आहे की कोण!

तर आज पहिलं पान, आणि विषय माझ्या नणंदेने घरपोच आणून दिला.

दालिया शुक्रवारच्या जेवणाला आली, दोन्ही मुलांना घेऊन. जेवणं झाली, चहा झाला, आणि म्हणाली, "इन्साफ, रागावणार नसलीस तर एक सांगू?" असं विचारणाऱ्या माणसावर मी आधीच रागावलेली असते.

"जूरीचं नाव टाकलंय मी स्मूहाच्या श्रीमंत वस्तीतल्या शाळेत. माझी मुलं जातात ना, तिथेच. पुढच्या महिन्यात मुलाखतीला बोलावतील."

"कुणाला विचारून टाकलंस?"

तिने मिदहतकडे पाहिलं. मिदहतने कपात पाहिलं.

"अगं, सहा वर्षांची झाली पोर," दालिया म्हणाली. "इंग्रजी कधी शिकणार? तिथे वर्गात मोजकी मुलं असतात. तुमच्या त्या पन्नास मुलींच्या गर्दीत ती कुणाला दिसते तरी का?"

"मला दिसते. मी त्याच शाळेत आहे."

"तेच तर," मिदहत हळूच म्हणाला.

"काय तेच तर?"

"काही नाही. साखर कमी आहे चहात."

माझी शाळा! जिच्या बाकांवर मी स्वतः शिकले, जिथे शिकलेल्या मुली आज डॉक्टर झाल्या आहेत. ती दालियाच्या मुलांना चालत नाही. आणि ती मुलं कशी, तर आमच्या सोफ्यावर बूट घालून उड्या मारत होती. जूरी मात्र खुर्चीत हात मांडीवर घेऊन बसली होती. माझी मुलगी विचारल्याशिवाय पाण्याचा पेलासुद्धा उचलत नाही. ह्याला वळण म्हणतात. ते कुठल्या खासगी शाळेत विकत मिळतं?

मंगळवार, ११ फेब्रुवारी

चौथीत आज शहद नावाची मुलगी नऊ साते चौपन्न म्हणाली. मी विचारलं, "बाई गं, डोक्यात मेंदू आहे की कोंडा?" सगळा वर्ग हसला, शहदसुद्धा हसली. माझे विनोद मुलींना आवडतात.

मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत मी दालियाचा पराक्रम सांगितला. वाटलं होतं, सगळ्या माझ्या बाजूने तुटून पडतील. तर चित्रकलेच्या बाई म्हणाल्या, "माझा धाकटा तिथेच जातो." विज्ञानाच्या बाईंची जुळी मुलं फ्रेंच शाळेत. शेवटी मी आमच्या मुख्याध्यापिकांकडे, एतिदाल बाईंकडे, म्हणजे आमच्या अब्ला एतिदालकडे पाहिलं. म्हटलं, "तुमची नातवंडं तरी?"

त्या खाली बघून संत्रं सोलत म्हणाल्या, "सूनबाईंनी ठरवलं बाई. आपलं कोण ऐकतं?"

म्हणजे आख्ख्या शाळेत, जी शाळा चांगली म्हणून आम्ही दारात येणाऱ्या आयांना सांगतो, तिथे स्वतःची मुलगी आणणारी मी एकटी! इतकी वर्षं मला पत्ता नाही. संत्र्याची फोड पुढे केली तर मी घेतली नाही.

गुरुवार, २० फेब्रुवारी

काल बाल्कनीत जूरी कपड्यांचे चिमटे रांगेत लावून शाळा-शाळा खेळत होती. मी आत कोबीची पानं उकडत होते. एकदम तिचा आवाज चढला. एरवी हिचा आवाज शेजारच्या खोलीत जात नाही.

"उभी राहा! पुन्हा चूक? तुला लाज आहे का? आईबाप काय हे बघायला पाठवतात?" आणि लाकडी चमचा कठड्यावर फाड्कन आपटला. "तू! हसतेस कशाला? कोंड्याचं डोकं!"

मी बाहेर गेले तर तिने चमचा पाठीमागे लपवला आणि चिमटे भराभर डब्यात टाकले.

तिची वर्गशिक्षिका सुहैर आहे, बाळंतपणाला टेकलेली, बोलायला मऊ. आज सकाळी तिला गाठून मी चांगलं खडसावलं. म्हटलं, "पहिलीतल्या लेकरांशी असं बोलतेस? माझी मुलगी घरी येऊन नकला करते!" सुहैर माझ्या तोंडाकडे बघतच राहिली. म्हणाली, "मी, अब्ला इन्साफ? मी बोलते असं?" मग डोळ्यांत पाणी आलं आणि निघून गेली. पकडली गेली की रडायचं. ही नवी पिढी.

मंगळवार, ४ मार्च

मुलाखत. मिदहतने माझ्यापुढे हात जोडले म्हणून गेले. रोजे सुरू, त्यात ट्रामला गर्दी, घसा कोरडा.

शाळा कसली, हॉटेल! दारात गणवेशातला पहारेकरी, आत काचेच्या पेटीत मासे. आमच्या शाळेत शिक्षिकेला अब्ला म्हणतात, थोरल्या बहिणीसारखं. इथे सगळ्या मिस. मिस नेर्मीन नावाच्या बाईंनी आम्हाला समोर बसवलं, आणि एक तरुण शिक्षिका जूरीला पलीकडच्या खोलीत घेऊन गेली. मला वाटलं होतं परीक्षा मुलीची आहे.

"घरी कोणती भाषा बोलता?"

"अरबी," मी म्हटलं. "समुद्राच्या ह्या काठाला तीच बोलतात."

"कोणत्या क्लबचे सभासद आहात?"

"बंदर कामगारांच्या," मिदहत म्हणाला. "पत्त्यांचा डाव चांगला रंगतो तिथे." बाई हसल्या नाहीत.

"सुट्टीत कुठे जाता?"

"बाल्कनीत," मी म्हटलं.

"आणि आई काय करतात?"

"शिक्षिका आहे. सरकारी शाळेत."

त्यांचं पेन थांबलं. "असं होय. आणि तरीही आमच्याकडे आलात."

"मी आले नाही. मला आणलंय."

मिदहतने टेबलाखाली माझा हात दाबला. मी सोडवून घेतला.

जूरीला परत आणल्यावर ती तरुण शिक्षिका मिस नेर्मीनच्या कानाशी काहीतरी बोलली. मग नेर्मीन म्हणाल्या, "मुलगी हुशार आहे. पण प्रत्येक रंग उचलायच्या आधी तिने परवानगी मागितली. एक रेघ चुकली, तर चित्रावर हात ठेवून बसली, दाखवेचना. घरी कुणी फार रागावतं का?"

"घरी शिस्त आहे," मी म्हटलं.

बाहेर पडल्यापासून ट्राममध्ये बसेपर्यंत माझं तोंड चालूच होतं. रंग विचारून घेतला, हा गुन्हा! ओरबाडून घेतला असता तर हुशार ठरली असती! पलीकडे बसलेली म्हातारी म्हणाली, "पोरी, रोजा जिभेलाही असतो." मी तिलाही सुनावलं. जूरी खिडकीला नाक लावून बसलेली. म्हटलं, "काय गं, आवडली का शाळा?" तर म्हणाली, "तुला आवडली?"

गुरुवार, १३ मार्च

सुहैर रजेवर गेली आणि पहिलीचं गणित माझ्याकडे आलं. म्हणजे जूरी माझ्या वर्गात.

लोकांना बोलायला निमित्त लागतं, म्हणून पहिल्याच तासाला मी वर्गाला बजावलं, "इथे जूरी माझी कुणी नाही." नंतर तिला दोनदा उभं केलं. एकदा उत्तर उशिरा दिलं म्हणून, एकदा हळू दिलं म्हणून. बाकीच्या मुलींना मी इतकं ताणत नाही, पण तोच तर मुद्दा आहे. कुणी म्हणू नये, अब्लाची मुलगी आहे, हिला सगळं माफ. मला माझ्या न्यायाचा अभिमान आहे. मिदहत म्हणतो, नाव इन्साफ आणि घरात लष्करी कायदा. म्हणू दे.

घरी येताना ती मला अब्ला म्हणाली. मी म्हटलं, "वेडे, शाळा सुटली, आता आई म्हण."

"बरं, अब्ला," म्हणाली.

मला हसू आलं.

मंगळवार, ८ एप्रिल

नाक कापलं गेलं.

ईदची सुट्टी संपल्यापासून रोज सकाळी जूरीचं पोट दुखतंय. बडीशेपेचा काढा झाला, डॉक्टर झाले, पोट दाबून पाहिलं, म्हणे काही नाही. काही नाही तर दुखतं कशाला? शेवटी मी म्हटलं, ढोंगं पुरे, आणि घेऊन गेले.

दुसऱ्या तासाला तिला फळ्यावर बोलावलं. साधी वजाबाकी. हे गणित तिने घरी डोळे झाकून केलं असतं. खडू हातात घेऊन उभी राहिली. मी म्हटलं, कर. पुन्हा म्हटलं, कर. मग टेबलावर पट्टी आपटली, आणि बघते तर तिच्या मोज्यांवरून ओघळ खाली येतोय.

मला काय करावं कळेना, आणि कळेनासं झालं की मी ओरडते. ओरडले. तेवढ्यात जूरीशेजारी बसणारी रुकय्या उठली, तिने आपलं जाकीट काढून जूरीच्या कमरेला बांधलं आणि तिचा हात धरला. मी म्हटलं, "रुकय्या, जागेवर बस." ती बसली नाही. एवढीशी पोर, माझ्याकडे बघत तशीच उभी राहिली.

संध्याकाळी मिदहतने जूरीचा झगा स्वतः धुतला. मी म्हटलं, दे इकडे. दिला नाही. काही बोललाही नाही. हा माणूस बोलत का नाही? भांडला असता तर बरं झालं असतं.

बुधवार, १६ एप्रिल

मिस नेर्मीनचा फोन. घेताहेत जूरीला! मी मनात नकाराला द्यायची उत्तरं तयार ठेवली होती, एकसे एक. सगळी वाया गेली.

"तिला आम्ही लहान तुकडीत ठेवू," म्हणाल्या. "सुरुवातीला अभ्यासाचं काही बोलणार नाही. जरा मोकळी होऊ दे."

मोकळी! जशी काही मी तिला साखळीने बांधली आहे.

शाळा सुटताना फाटकात रुकय्याची आई उभी होती. सगळ्या बायकांच्या देखत तिने मला अडवलं. "अब्ला इन्साफ, खरं का? तुमची जूरी पैसेवाल्यांच्या शाळेत जाणार?"

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"आमच्या रुकय्याला जूरी बोलली. रडतेय माझी पोर. पण ते राहू दे. एक सांगा, तुम्ही आत असता, तुम्हाला सगळं ठाऊक. तुम्हीच आपली मुलगी काढून नेत असाल, तर आम्ही आमच्या का ठेवाव्यात? आम्हाला तर दुसरीकडे जायची सोयच नाही."

बायका वाट बघत होत्या. मी म्हटलं, "माझी मुलगी कुठल्याही खासगी शाळेत जाणार नाही."

"शब्द?"

"शब्द."

घरी येऊन आठवलं आणि पुन्हा डोकं फिरलं. जूरी रुकय्याशी बोलते. एवढं सगळं बोलते. मला विचारलं तर म्हणते, तुला आवडेल ते.

सोमवार, २१ एप्रिल

वसंताचा सण. सगळं गाव समुद्रावर, खारवलेल्या मासळीचा वास आणि कांद्याची पात. दालिया आपल्या मुलांना घेऊन आली. मी फाटकात दिलेला शब्द तिला सांगितला.

"तुझा शब्द, आणि भोगायचं पोरीने," दालिया म्हणाली. "इन्साफ, तुला शाळा वाचवायचीये की मुलगी शिकवायचीये?"

"आणि तुला भाची शिकवायचीये की शेजारणींना सांगायचंय?"

ती रुसून मुलांकडे निघून गेली. खरं तर दोघींचंही खरं होतं, पण तिला हे मी कशाला सांगू?

जूरी पाण्यात होती. दालियाच्या मुलांच्या अंगावर पाणी उडवत होती आणि अशी खिदळत होती की आधी मला ओळखूच आलं नाही, कुणाचं पोर ते. झगा पार भिजला होता. मी हाक मारली, "जूरी!"

ती जागच्या जागी थांबली. पाण्यातून बाहेर आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. मी म्हटलं, जा, खेळ, पण झगा वर धर. ती गेली, पण पुढे काही तिचं हसणं ऐकू आलं नाही.

तेव्हा मिदहत बोलला. आमचं लग्न झाल्यापासून मी त्याला असं बोलताना ऐकलं नव्हतं.

"इंग्रजी गेलं खड्ड्यात. मला इंग्रजी नकोय."

"मग काय हवंय तुला?"

"दिवसातले काही तास हवेत, जेव्हा तिला तुझा आवाज ऐकू येणार नाही."

मी म्हटलं, म्हणजे मी तिचं वाईट करते? रक्त आटवते मी तिच्यासाठी!

"वाईट करतेस असं म्हटलं का मी? शाळा तू ठरव. खासगी, सरकारी, कसलीही. तुझी नको."

"का?"

"तू हाक मारल्यावर तिचे हात कुठे गेले, ते पाहिलंस?"

पाहिले होते. पाठीमागे गेले होते. माझ्यासमोर सगळ्याच मुली हात मागे बांधून उभ्या राहतात. त्यात काय एवढं? मी उठून एकटीच वाळूतून चालत राहिले. मासळीचा तो वास अजून हाताला आहे.

मंगळवार, २९ एप्रिल

शब्द दिला होता तरी मिदहतच्या हट्टापायी स्मूहाची शाळा पाहायला गेले. मिदहत सोबत होता. म्हटलं, होऊन जाऊ दे त्याच्या मनासारखं, पाहायला काय जातं?

मिस नेर्मीन आम्हाला वर्गावर्गांतून फिरवत होत्या. वाचनालय, संगणक, स्वच्छतागृह. ते मात्र मी मान्य करते, आमच्याकडे असं असतं तर मुलींनी दिवसभर पाणी न पिता काढलं नसतं. त्याचा मला रागच आला. एवढं साधं आमच्या लेकरांना का मिळत नाही?

मग एका वर्गाच्या दारात थांबलो. दोन वेण्यांची एक मुलगी भिंतीकडे तोंड करून उभी होती. शिक्षिका छान हसत, अगदी मधाळ आवाजात बाकीच्यांना विचारत होती, "आळशी मुली आपल्याला आपल्या शाळेत नकोत ना?" आणि सगळा वर्ग एका सुरात, "नकोत, मिस!"

त्या मुलीच्या मानेवरचे केस घामाने चिकटले होते. मला एकदम जूरी आठवली. का आठवली, कोण जाणे.

मी आत गेले. मिदहत म्हणतो, मी त्याला ढकलून गेले. मी त्या मिसला म्हटलं, "हळू बोललं म्हणजे अपमान होत नाही का? लहान लेकरू आहे ते! सगळ्यांदेखत भिंतीला काय उभं करता? तिच्या पोटात काय होत असेल, कळतं का तुम्हाला?" त्या मुलीने वळून पाहिलं, आणि मी अजूनच भडकले.

मिस नेर्मीन धावत आल्या. "तुम्ही शांत व्हा. तुम्ही स्वतः शिक्षिका आहात, तुम्ही तर समजू शकता."

"म्हणूनच समजतंय मला!" मी म्हटलं.

आणि पुढे शब्दच फुटेना. तोंड उघडं, सगळा वर्ग माझ्याकडे बघतोय, आणि मला काही सुचेना. असं माझं आजवर कधी झालं नाही. रक्तदाबच असणार.

ट्राममध्ये मिदहत माझ्याकडे बघत होता.

"काय बघतोस?"

"काही नाही. बरं बोललीस."

संध्याकाळी फोन आला, जूरीची जागा आता देता येणार नाही. बरं झालं. शब्द राहिला.

बुधवार, ३० एप्रिल

आज वर्गात फार बोलले नाही. घसा बसलाय.

सोमवार, ५ मे

जूरीला घेऊन समुद्राच्या कठड्यावर बसले. खारवलेले तुर्मुसचे दाणे घेतले, ती साल काढून काढून मला देत होती, स्वतः खात नव्हती. मी म्हटलं, तू खा. मग खाल्ले.

म्हटलं, "जूरी, तुझे बाबा म्हणतात तुला दुसऱ्या शाळेत घालू या. खरं सांग, तुला काय वाटतं?"

"तुला आवडेल ती शाळा."

"मी माझं नाही विचारत. तुझं विचारते."

तिने आणखी एका दाण्याची साल काढली. मग म्हणाली, "तिकडे तू असशील?"

"नाही."

"रोज नाही?"

"एकही दिवस नाही. मी माझ्या शाळेत."

"मग ती," म्हणाली. आणि चटकन माझ्याकडे पाहिलं, रागावले का ते बघायला.

कोणती शाळा, मोठी की लहान, माशांची पेटी आहे की नाही, हे तिने विचारलंसुद्धा नाही.

हो, रागावले. का नाही रागावणार? ज्या मुलीसाठी नणंदेशी भांडले, नवऱ्याशी भांडले, तिला माझ्यापासून लांब जायचंय! जीव जळाला. पण काय बोलणार? तुर्मुस संपेपर्यंत गप्प बसले. मग म्हटलं, चल, वारा सुटलाय. तिने हात पुढे केला आणि मी धरला. घरापर्यंत आम्ही दोघी एक शब्द बोललो नाही, आणि तिला त्याचं काही वाटलं नाही. उड्या मारत चालत होती.

मंगळवार, ८ जुलै

ठरलं. रेल्वेच्या पलीकडची सरकारी शाळा. आमच्यासारखीच, किंबहुना आमच्याहून पडकी. दालिया म्हणाली, "आगीतून फुफाट्यात कशाला? सरकारीच हवी होती तर तुझी काय वाईट होती?" मी म्हटलं, मला विचारू नकोस, भावाला विचार. खरं सांगायचं तर मी थोडं चिडूनच ठरवलं. माझा आवाज नकोय ना? घ्या. बघू कोण शिकवतं ते.

अब्ला एतिदालनी शाळा सोडल्याच्या दाखल्यावर सही करताना विचारलं, "आपलीच शिक्षिका आपली मुलगी काढून नेते, लोक काय म्हणतील, इन्साफ?"

"तुमची सूनबाई सांगेल," मी म्हटलं.

रुकय्याची आई रस्त्यात भेटली. तिला खरं सांगितलं, खासगीत घातली नाही, पण आपल्याही शाळेत ठेवली नाही. ती म्हणाली, "का पण, अब्ला?" मी म्हटलं, उशीर होतोय. ती रागाने गेली. तिचा राग मला कळतो.

रविवार, २१ सप्टेंबर

नव्या शाळेचा दुसरा दिवस. काल मिदहतने सोडलं, आज मी. फाटकाच्या आत यायचं नाही, असं जूरीने मला दोनदा सांगितलं. मला! मी आत गेले नाही. भिंतीपलीकडून प्रार्थनेच्या ओळी वाकड्या लागल्याचं ऐकूनच कळत होतं. मुठी आवळून उभी राहिले आणि मग माझ्या शाळेत उशिरा पोचले.

पोटदुखीचं नाव नाही. बडीशेप संपलीच होती, नाही आणली.

रुकय्याचा पहिलीचा वर्ग आता दुसरीत गेला. मला बघून नमस्कार करते, थांबत नाही. शुक्रवारी तिला घरी बोलवावं, असं जूरी म्हणतेय. तिची आई पाठवेल का, माहीत नाही. विचारेन.

बुधवार, ८ ऑक्टोबर

नव्या शाळेत पालकांना बोलावलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी पालकांच्या रांगेत उभी राहिले. जिन्यातच गलका ऐकू येत होता. जूरीच्या वर्गात मुली बाकांवर उभ्या, कुणी गातेय, कुणाची रिबन कुणाच्या हातात, आणि शिक्षिका, अब्ला साबरीन, वयाने कोवळी, त्या सगळ्यात हसत उभी. मनात म्हटलं, अर्ध्या मिनिटात ही खोली मी गप्प करून दाखवली असती. बोलले नाही. मी शिक्षिका आहे हे इथे कुणाला ठाऊक नाही.

माझा नंबर आला. "जूरीची आई का? बसा," ती म्हणाली आणि कपाळावर हात मारला. "बाई, तुमची मुलगी फार बडबडते हो."

अंगातलं सगळं रक्त डोक्यात गेलं. माझी मुलगी! वळण लावलेली! "काय म्हणालात?"

"तोंड मिटतच नाही. शेजारणीशी, पुढच्या मुलीशी, मी फळ्याकडे वळले की माझ्याशीसुद्धा. काल मी आकडे काढत होते, तर ही मागून सगळ्यांसमोर ओरडते काय, अब्ला, तुमचा सात उलटा झाला, त्याचा आठ झाला! वर्ग हसून हसून लोळला."

अरबी आकड्यांत सात उलटा लिहिला की आठच होतो. "मग तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? झालाच होता उलटा. पुसला. पण तरी, जरा घरी समज द्या तिला."

मागच्या बायका घसा खाकरत होत्या, पुढे सरका म्हणून. खिडकीतून जूरी दिसत होती, अंगणात कुणाला तरी काहीतरी सांगत होती, दोन्ही हात हवेत नाचवत. मी त्या बुटक्या बाकावर नीट टेकून बसले.

"परत सांगा," मी म्हटलं.

"काय?"

"ती काय काय बोलते ते. पहिल्यापासून सांगा. मला घाई नाही."